मनोऱ्याचं पान

शनिवारी दुपारी मुलुंडच्या आमच्या चाळीत चपला काढायला जागा उरत नसे. तळमजल्यावर राहणाऱ्या धोंडिराम नावाच्या भाडेकरूच्या खोलीत चंद्रप्रकाश महाराज पानं उघडायला बसत. लोक जिन्यापर्यंत दाटून उभे राहत, पण कुणी ब्र काढत नसे. खिडक्यांना चादरी लावलेल्या, आत लोबानाचा धूर, आणि पाटावर ती पानं.

आपण रमी खेळतो तसली नव्हेत. लांबट, जाड, पिवळी पडलेली. एकावर कोयता घेतलेला सांगाडा, एकावर पाय बांधून उलटा टांगलेला माणूस.

"अशी पत्त्यांची जोडी जगात एकच," महाराज डोळे मिटून सांगत. "फिरंग्यांच्या मुलखात एका साधूनं समाधीत रंगवली. समुद्रानं ती मला आणून दिली."

समुद्रानं आणली, पण एकाही पानाचा रंग ओघळलेला नव्हता. हे विचारायची कुणाला बुद्धी झाली नाही. संपात गिरण्या गेल्या, हातचं काम गेलं, त्या माणसांना पुढचं सांगणारा कुणीतरी हवाच होता.

मी रत्नप्रभा. शाळेत भूमिती शिकवते. माझं तोंड फटकळ आहे असं सगळी चाळ म्हणते, आणि ते खरं आहे.

माझ्या भावाची, सहदेवदादाची मुलगी मालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मूल आडवं आहे, कळांची वाट बघू नका, इस्पितळात दाखल करा. दादा आणि नलिनीवहिनी तिला घेऊन गेले ते आधी महाराजांकडे. मीही मागोमाग गेले.

आम्ही मालवणकडचे. गावच्या देवाला कौल लावायचा तर आधी गाऱ्हाणं घालायचं. नाव, घर, अडचण, सगळं मोठ्यानं. दादानं पानांपुढे हात जोडून तेच केलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या माजा चेडू मालन पयल्या बाळतपणाक इला हा. डॉक्टर म्हणतत पॉर आडवा आसा, हास्पिटलात न्हेवा. न्हेवचा काय नाय, ता तू सांग रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी खोली म्हणाली.

महाराजांनी जोडीच्या कडेवरून अंगठा फिरवला, तो मध्येच किंचित अडला, आणि त्यांनी दोन पानं मांडली. पहिल्यावर सहा काठ्या. "उलट्या आल्या," ते पुटपुटले. दुसऱ्यावर वीज पडून ढासळणारा मनोरा, आणि त्यातून डोकं खाली, पाय वर अशी कोसळणारी दोन माणसं.

"उंच इमारत आहे. आत जाताना दोन जीव आहेत," महाराज अगदी हळू म्हणाले. "बाहेर येताना एकही दिसत नाही."

मालननं पोटावर हात ठेवला.

दाराशी माहुलची सरूबाई बसली होती. रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन आमच्या दारी येणारी. "पान खोटं बोलत नाय," ती म्हणाली. "माझ्या सुनेला, अंजनाला, हेच आलं होतं. तापानं फणफणलेली, पण आम्ही घरीच ठेवली. शेवटी पोरगा ऐकला नाय, टॅक्सीत घातली. दवाखान्याच्या पायरीवर गेली ती."

महाराजांनी मालनच्या दंडाला मुळी बांधली आणि पुढच्या शनिवारी उतारा काढायला बोलावलं.

घरी मी वहिनीशी कडाकडा भांडले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "वन्सं, तुमचं चुकलं, तर माझी पोर परत देणार का तुम्ही?" रागानं भीती जात नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

मग मी चोरबाजार पालथा घातला. एका जुन्या सामानाच्या दुकानात तशीच जोडी मिळाली. तोच सांगाडा, तोच मनोरा. "फ्रान्सची आहे, बाई," दुकानदार म्हणाला. "तिकडे लोक खेळतात यानं." वाचनालयातून पानं वाचायचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि शिकायला बसले.

पहिल्याच दिवशी गाडं अडलं. पुस्तकातली जोडी नवी होती, तिच्यात प्रत्येक पानावर चित्र. सहा काठ्यांच्या पानावर तिथे घोडेस्वार होता. माझ्या जुन्या जोडीत नुसत्या सहा काठ्या, एकमेकींवर तिरप्या रचलेल्या. घोडेस्वार उलटा आला तर कळेल. या काठ्या उलट्या कशा ओळखायच्या? मी पान खालचं वर करून पाहिलं. तसंच्या तसं. सममिती मी मुलांना शिकवते, तरी हे आधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. स्वतःचीच चीड आली.

शनिवारी सकाळपासून मालनच्या पोटात दुखू लागलं. तरी दादा तिला धरून खाली घेऊन गेला. आधी उतारा, मग काय ते.

मी सरळ पाटापुढे बसले आणि पिशवीतून माझी जोडी काढून मांडली. खोलीत कुजबुज झाली. "समुद्रानं मलाही एक दिली," मी म्हटलं. "चोरबाजारात."

"नकली," महाराज म्हणाले.

"असेल. हे सहा काठ्यांचं पान. सुलटं की उलटं?"

"उलटं."

मी पान पदराआड नेऊन पुन्हा ठेवलं. "आता?"

"आता सुलटं."

"मी फिरवलंच नाही. आणि फिरवलं असतं तरी तसंच दिसलं असतं. दादा, तूच फिरवून बघ."

दादानं पान एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं आणि खाली ठेवलं. महाराजांनी आपली जोडी उचलायला हात पुढे केला, पण मी ती आधीच वहिनीच्या हातात दिली होती. "कडेवरून अंगठा फिरव, वहिनी. त्यांच्यासारखा."

तिनं फिरवला. अंगठा मध्येच अडखळला, जोडी तिथे उघडली. मनोरा. पिसून पुन्हा फिरवला. पुन्हा मनोरा.

"ते एक पान केसभर आखूड कापलंय," मी म्हटलं. "अंगठा तिथेच अडणार. बाकीचं गाऱ्हाण्यात तुम्हीच सांगता. गावचा देव दगडाचा, तो ऐकून कुणाला फसवत नाही. हा माणूस ऐकतो. इस्पितळाचं नाव दादानंच घेतलं होतं."

महाराज उठले. दार माणसांनी भरलेलं होतं, कुणी वाट दिली नाही.

सरूबाई पुढे आली. तिनं वहिनीच्या हातून जोडी घेतली आणि मासळी चिरून राठ झालेला अंगठा कडेवरून फिरवला. मनोरा. पुन्हा फिरवला. पुन्हा तीच पडणारी माणसं.

"बाई," तिनं मला विचारलं, "ताप आला तेव्हाच नेली असती तर?"

मी खोटं बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. "बहुतेक वाचली असती," मी म्हटलं.

ती रडली नाही. जोडी पाटावर ठेवली, मालनला काखेत हात घालून उठवलं आणि दादाकडे बघून म्हणाली, "उभा काय राहिलास? टॅक्सी आण."

इस्पितळाच्या दारात उंच पांढरी इमारत बघून मालनचे पाय थबकले. सरूबाईनं तिचा हात सोडला नाही. पायरीवर क्षणभर तीच थांबली, मग मालनला घेऊन आत गेली. संध्याकाळी ऑपरेशन होऊन मुलगी झाली. दोघीही सुखरूप.

देवाला गाऱ्हाणं घाला, मी कोण नको म्हणणार. पण आजारी माणूस घरात असेल तर आधी डॉक्टरांकडे न्या, आणि भीती दाखवणाऱ्याला एकच विचारा, तुझी पानं माझ्या हातात देतोस का? आम्ही हे वेळेवर विचारलं. सरूबाई अजून मासळी घेऊन येते, मालनच्या मुलीला मांडीवर घेते, आणि तिला खाली ठेवायला नेहमी जरा उशीर करते.