झोपाळ्यावर निवडलेलं जहाज

मित्रांनो, मी एक जुना झोपाळा आहे. बडोद्यातल्या एका प्रतिष्ठित मराठी घराण्याला चार पिढ्या दिशा देण्याचं काम मी केलं आहे. दिशा दोनच होत्या, पुढे आणि मागे, आणि पाय टेकला की घराणं पुन्हा जिथल्या तिथे यायचं. तरी काम मोठंच म्हणायचं, कारण दुसरं कोणी ते करायला तयार नव्हतं.

माझी फळी सागवानी आहे. साखळ्या पितळेच्या. बडोद्याच्याच वाडी भागातल्या एका कारागिराने त्या ओतल्या आणि प्रत्येक साखळीच्या मध्ये एकेक हत्ती बसवला. त्यातल्या एका हत्तीची सोंड तुटलेली आहे. ती कोणी तोडली यावर घरात अजून एकमत नाही. मला ज्यांनी करवून घेतलं ते संस्थानच्या महसूल खात्यात अधिकारी होते. रावपुऱ्यातल्या घरी ते माझ्यावर बसून लोकांच्या तक्रारी ऐकत. हो म्हणायचं असलं की पाय टेकून झोका थांबवत, नाही म्हणायचं असलं की झोका चालूच ठेवत. मी बहुतेक वेळ चालूच असे.

पुढे संस्थान गेलं, अधिकार गेला, मी राहिलो. त्यांचे नातू पद्माकरराव माझ्यावर पाढे शिकले, माझ्यावर आजारी पडले आणि माझ्यावरच बरे झाले. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. जगातले समुद्र, सामुद्रधुन्या, गार-गरम प्रवाह सगळे त्यांना तोंडपाठ आहेत. त्यातला एकही त्यांनी पाहिलेला नाही. याचं कारण मी आहे. त्यांना माझ्याशिवाय झोप येत नाही. सुरतेला लग्नाला गेले तरी मांडवातून उठून रात्रीच्या गाडीने परत येत. त्यांच्या पत्नी नीराबाई यांनी बडोद्याबाहेर ज्या काय रात्री काढल्या, त्या बाळंतपणाच्या.

नीराबाई मला सवत म्हणतात. एकदा फडक्याने हत्ती पुसताना त्या मलाच म्हणाल्या, "खरी सवत परवडली असती. तिच्याशी भांडता तरी आलं असतं." मित्रांनो, मी थोडासा करकरलो.

रावपुऱ्यातलं घर सोडून आम्ही हरणीला फ्लॅटमध्ये आलो. तिथे मला तुळईऐवजी स्लॅबला टांगलं. माझा झोका आखूड झाला आणि आवाज मोठा. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले की अजूनही म्हणतात, "काका, हिंचकामां तेल नाखो ने." घरात मी झोपाळा असलो तरी घराबाहेर हिंचको आहे. तेलाची डबी पहिल्याच आठवड्यात आणली होती. ती फ्रिजच्या वर ठेवली आहे.

माझ्या काळजीचे दिवस इथून सुरू झाले. पद्माकररावांचा मुलगा अनुप इंजिनिअर आहे. त्याची बायको मालविका हिने दिवाणखान्यासाठी एल आकाराचा सोफा पसंत केला. मी असताना तो मावत नव्हता. मग एक दिवस लाकडाचा व्यापारी मला बघायला आला. त्याने फळीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "माल सारो छे. कापीने सरस मंदिर थशे."

कापून देवघर होणार, हे ऐकून तुम्हाला वाटेल, चांगलं झालं की. मलाही वाटलं असतं. पण त्या वाक्यात एक क्रियापद आधी येतं.

त्याच सुमारास नीराबाईंनी एका संध्याकाळी जाहीर केलं, "मला जहाजावर जायचंय."

"कोणत्या?" पद्माकररावांनी माझ्यावरून विचारलं.

"पाण्यावरच्या. शेजारच्या चारुबेन सांगत होत्या, मुंबईहून सुटतात. पाच रात्री असतात."

"पाच रात्री," पद्माकरराव म्हणाले, आणि माझा झोका चालूच राहिला. या घरात त्याचा अर्थ काय होतो ते मी सांगितलंच आहे.

पण मालविका हुशार आहे. ती म्हणाली, "बाबा, एक करू. जहाजावर तुम्हाला झोप लागली, तर घरीही पलंगावर लागेल. मग हा झोपाळा काढायचा. नाही लागली, तर मी सोफ्याचं नाव पुन्हा काढणार नाही."

पद्माकरराव जुने मास्तर. परीक्षा म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी पाय टेकला. मी थांबलो. अशा रीतीने माझं आयुष्य एका म्हाताऱ्या माणसाच्या समुद्रावरच्या झोपेला टांगलं गेलं. स्लॅबच्या हुकावर माझा त्यापेक्षा जास्त विश्वास होता.

रविवारी सगळे टीव्हीसमोर जमले. अनुपने पडद्यावर तीन जहाजं दाखवली. पहिलं लहान आणि पांढरं होतं. दुसऱ्यावर पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, त्या पाहून सगळे एकदमच नको म्हणाले. तिसरं अठरा मजली होतं. हरणीत आमच्या सोसायटीची सगळ्यात उंच इमारत त्याच्यापुढे बसकी दिसली असती.

सुखसोयी म्हणजे काय, यावर प्रत्येकाचं मत निघालं. मालविका म्हणाली, खोलीला बाल्कनी हवी, नाहीतर माणूस कपाटात बसल्यासारखा बसतो. अनुप म्हणाला, खोली मधल्या भागात हवी, टोकाला हादरे बसतात. तो बराच वेळ मधला भाग आणि टोक यांवर बोलला.

"सकाळचा चहा कोणत्या जहाजात खोलीत आणून देतात?" नीराबाईंनी विचारलं.

"सगळ्याच, आई."

"मग माझं झालं," असं म्हणून त्या सगळ्यांसाठी चहा करायला आत गेल्या.

पद्माकरराव खाकरले. "मुख्य प्रश्न हलण्याचा आहे," ते म्हणाले. "जहाज जितकं लहान, तितकं डोलणार. हे मी सातवीला शिकवलंय. मला हलणारं जहाज सोसणार नाही."

हे ते हलत हलत म्हणाले, पण कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मग तपासून बघू की," अनुप म्हणाला. इंजिनिअर माणसाला घरात फार वेळ मोकळं ठेवू नये. त्याने वडिलांना माझ्यावर आडवं निजवलं आणि मला बाजूने धक्का दिला. जहाजं आडवी डोलतात म्हणे. मी जन्मात आडवा डोललो नव्हतो. साखळ्या एकमेकींवर घासल्या, हत्ती खणखणले.

"हे लहान जहाज बरं का, बाबा," असं म्हणत अनुपने आणखी जोर लावला.

मित्रांनो, या माणसाची झोप माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नाही. आधी डावी टाच सैल पडते. मग हात छातीवरून घरंगळतो. मग घशात बारीक शिट्टी वाजते. तिसऱ्या धक्क्याला टाच पडली, पाचव्याला शिट्टी सुरू झाली. इतक्या लवकर तर ते रावपुऱ्यातही झोपले नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी गारठलो. हे लहान जहाज त्यांना मानवणार, आणि माझं देवघर होणार.

"आता मोठं जहाज," असं म्हणून अनुपने मला जवळजवळ थांबवलं. तत्क्षणी पद्माकररावांनी डोळे उघडले.

"बाबा, झोप लागली होती?" मालविकेने पुढे वाकून विचारलं.

वर्गात डुलकी घेणाऱ्या दोन पिढ्या ज्यांनी बाकावर उभ्या केल्या, ते भर परीक्षेत आपण झोपलो हे कसं कबूल करणार? "झोप कसली?" ते म्हणाले. "घेरी आली. डोळे मिटून कसाबसा पडून होतो."

"लहान जहाज बाद," अनुप म्हणाला. मालविकेनेच अठरा मजली जहाजाची दोन तिकिटं काढली. नीराबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या डाव्या टाचेकडे पाहिलं. टाच अजून सैलच होती. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि साखर कोणाला कमी ते विचारलं.

ते दोघे गेल्यावर माझ्यावर कोणी बसेना. अनुप-मालविका दिवसभर ऑफिसात असत. मी भिंतीकडे बघत लोंबकळत राही आणि एकाच गोष्टीचा विचार करी, टाच पडली असेल का? लिफ्ट वाजली की वाटे, व्यापारी आला. एकदा कोणी तरी फूटपट्टी आणली तेव्हा माझ्या एका कडीचा टाका सैल झाला. ती फूटपट्टी खिडकीच्या पडद्यासाठी होती.

तुळशीला पाणी घालायला शेजारच्या चारुलताबेन येत. बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आमच्या घराशी निम्मं मराठी आणि निम्मं गुजराती बोलणाऱ्या. चौथ्या दिवशी त्या माझ्यावर बसल्या, दोन्ही पायांनी जोरात झोका घेतला आणि फोन स्पीकरवर लावला.

"केम नीराबेन, मजामां?"

"मजेत," फोनमधून नीराबाईंचा आवाज आला. मागे वारा होता.

"अने पद्माकरभाई? झोपले ना?"

"कुठले? तीन रात्री टक्क जागे आहेत. म्हणतात, जहाज हलतच नाही. सारखे खाली काउंटरवर जाऊन विचारतात, आपण निघालोय ना नक्की? ती पोरगी म्हणाली, सर, आपल्या जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, त्यामुळे कळत नाही. तर हे म्हणाले, ते थोडा वेळ बंद ठेवता येतील का?"

चारुलताबेन हसल्या आणि मी त्यांच्याबरोबर गदगदलो. मी वाचलो होतो. पण काळजीची मला इतकी सवय झाली आहे की मी लगेच दुसरी धरली. इतक्या वर्षांनी बाई घराबाहेर पडली, आणि बरोबर हा जागा माणूस. पुन्हा माझ्याच नावाने खडे फुटणार.

"अरेरे. मग तुझी मजा तर गई," चारुलताबेन म्हणाल्या.

"छे गं. माझा चहा येतो ना. एक मुलगा येतो, दार वाजवतो, गुड मॉर्निंग म्हणतो, ट्रे ठेवतो आणि जातो. जातो, चारुबेन. साखर कुठाय, गाळणं कुठाय, काही विचारत नाही. मग मी बाल्कनीत बसते. समोर पाणी असतं. त्याला काही लागत नाही."

चारुलताबेननी पाय टेकला. मी थांबलो. "नीराबेन," त्या हळूच म्हणाल्या, "एकदा आपण जाऊ या ने."

पद्माकरराव परतले ते चपलांसकट माझ्यावर आडवे झाले. अनुपने बॅगा आत नेल्या तोवर शिट्टी सुरू झाली होती. मालविका शब्दाची पक्की. तिने सोफा रद्द केला आणि दोन खुर्च्या आणल्या, त्यांवर कोणी बसत नाही. व्यापाऱ्याला फोन गेला. माझी फळी आहे तशी राहिली. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला जागेवर राहण्याहून मोठं यश माहीत नाही.

पुढच्याच आठवड्यात, पद्माकरराव माझ्यावर पेपर वाचत असताना नीराबाई म्हणाल्या, "डिसेंबरात मी आणि चारुबेन पुन्हा जाणार आहोत. तिकिटं काढली."

"कुठल्या जहाजाने?"

"ते लहान होतं ना पांढरं, त्याने."

पद्माकररावांनी पेपर खाली केला. "ते फार हलतं."

"हो ना. म्हणून तर तुम्हाला विचारलं नाही. तुम्हाला घेरी येते."

मला त्यांच्या टाचेतून सगळं कळतं. पाचव्या धक्क्याला लागलेली ती गाढ झोप त्यांना आठवत होती. त्या लहान जहाजावर आपण लहान मुलासारखे झोपलो असतो, हेही त्यांना कळलं होतं. फक्त एक वाक्य बोलायचं होतं, मी झोपलो होतो. त्यांनी पाय टेकला. मी थांबलो. त्यांच्या आजोबांच्या काळात एवढं पुरत असे. पण नीराबाई स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा जुना झोपाळा असेल. तो करकरतो म्हणून त्याच्यावर रागावू नका. त्याच्या कड्यांना वर्षातून एकदा तेल घाला. ज्याच्या जिवावर आपण वर्षानुवर्षं निवांत बसतो, त्याला काय दुखतं हे कधीतरी उतरून, वाकून बघा. करकर थांबली म्हणजे दुखणं थांबलं असंही समजू नका. काही जण आवाज न करताच मुंबईची गाडी पकडतात.

नीराबाई काल रात्री गेल्या. अनुप आणि मालविका आज लवकर ऑफिसला गेले. पद्माकरराव माझ्यावर आहेत, पेपर वाचून झाला आहे. दहा वाजत आले. चहा अजून झालेला नाही.