काठोकाठ

"दहा मिनिटांच्या आत त्या ओल्जासचा पाय मोड," इद्रिसूच्या कानाशी प्रशिक्षक दौलेतबेक म्हणाले. "नाहीतर करार विसर. चौतीस वर्षांच्या बचावपटूला विचारतंय कोण?"

घाना सोडल्यापासून नऊ वर्षं इद्रिसूनं कझाकस्तानच्या फुटबॉल मैदानांवर हाडंच मोडली होती, स्वतःची आणि लोकांचीही. धंदाच तसला, त्याचं त्याला काही वाटत नसे. पण आज समोर ओल्जास होता! गेल्या साली तो इद्रिसूच्याच संघात होता. या शहरात नवा आलेल्या परक्याला कुणी खोली देईना, तेव्हा इद्रिसूनं अख्खा हिवाळा त्याच्याच घरी काढला होता. ओल्जासच्या आई, झाउरेश आपा, पेल्यात चहा घोटभरच ओतायच्या.

"आपा, कंजूसपणा पुरे! भरा की काठोकाठ!"

"गप रे मेल्या! भरलेला पेला देतात तो 'आता ऊठ' म्हणायला. तू बस, मी दहादा ओतीन."

सातव्या मिनिटाला ओल्जास चेंडू घेऊन आत घुसला. इद्रिसूला बघून हसला. "ये दादा, अडव!"

इद्रिसू दोन्ही पाय उचलून घसरत गेला. चेंडूला शिवलासुद्धा नाही. कडकन आवाज झाला आणि ओल्जासच्या नडगीचं हाड मोजा फाडून बाहेर आलं. मग त्याच्या सोबत्यांनी इद्रिसूला आडवा पाडून बुटांनी तुडवला. भुवई फुटली, ओठ फाटला, एक दात गवतात पडला. त्यानं हात वर केला नाही.

लाल कार्ड घेऊन बाहेर आला, तर प्रशिक्षकांनी पाठ थोपटली. "शाब्बास रे पठ्ठ्या! दोन वर्षं पक्की."

ओल्जास आता खेळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आठव्या दिवशी, ओल्जासला इस्पितळातून घरी आणल्यावर, इद्रिसू नवा चापान घेऊन आपांच्या दारात उभा राहिला. गुन्हेगारानं माफी मागायला असा अंगरखा घेऊन जायचं, हे त्याला याच घरानं शिकवलं होतं. आतून ओल्जासचं कण्हणं ऐकू येत होतं.

"आपा, मारा मला. शिव्या तरी द्या."

"आत ये. दारातून उपाशी कुणाला धाडत नाही आम्ही."

अंगरख्याला त्यांनी हात लावला नाही. तो उंबऱ्याशीच पडून राहिला. इद्रिसू नेहमीच्या जागी बसला. आपा चहा ओतू लागल्या. घोटभर झाला, अर्धा झाला, तरी हात थांबेना. पेला काठोकाठ भरला, चहा खाली अंथरलेल्या दस्तरखानाच्या कापडावर सांडला, तेव्हा कुठे त्यांनी किटली खाली ठेवली.

इद्रिसूनं दोन्ही हातांनी पेला उचलला. फाटक्या ओठाला चटका बसत होता. त्यानं थेंबही मागे ठेवला नाही. रिकामा पेला हळूच खाली ठेवला आणि उठला.