सरकपट्टीखालचं मीठ

मित्रांनो, मी लांब हाताची एक जुनी शिलाई मशीन आहे. नावड्याला ताडपत्रीच्या गोदामात मागच्या भिंतीला टेकून उभी असते. माझ्या हातावर कामगार छत्र्या अडकवतात, ओले शर्ट वाळत घालतात, जेवणाच्या पिशव्या टांगतात. टांगू देत बापडे! हात लांब असला की लोकांना त्याची खुंटीच दिसते.

तुमच्या आईकडे असेल ती मशीन वेगळी. तिचा हात आखूड. ब्लाउज, परकर, उशीचे अभ्रे, एवढाच तिचा संसार. माझ्या हाताखालून मात्र अख्खी रजई गुंडाळी करून आरपार जाते. एक बाई पुढून सरकवते, दुसरी पलीकडून ओढून घेते, आणि मधल्यामध्ये मी टाके घालत जाते. सांगायला नको, पण हे काम ऐऱ्यागैऱ्या मशीनला झेपत नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. मला ओतलं, घासलं, काळा रंग दिला, वर सोनेरी वेल काढली. पहिली वर्षं मुंबईच्या बंदराजवळ शिडं आणि ताडपत्र्या शिवण्यात गेली. काम दणकट, माणसं तोंडाळ. कौतुकाचा शब्द कधी ऐकला नाही, पण तेल वेळच्या वेळी मिळायचं. मशीनला आणखी काय हवं असतं? पुढे तो कारखाना बंद पडला आणि मला वैजयंतीताईंनी घेतलं.

वैजयंतीताई वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलेल्या. यजमान कचेरीत, ह्या महिला मंडळात. तेव्हा खाडीकाठची मिठागरं एकामागून एक बंद होत होती. नवं शहर यायचं होतं ना! घणसोली गावातल्या कितीतरी बायांच्या हातचं काम गेलं होतं. ताईंनी शाळेमागची पत्र्याची खोली मिळवली, मला तिथे उभं केलं आणि गावातल्या बायांना रजया शिवायला बोलावलं.

त्या बायांत वेणूबाई होती. मला तिचीच गोष्ट सांगायची आहे. माझी स्वतःची अशी गोष्ट फारशी नाहीच.

वेणूबाईचं निम्मं आयुष्य मिठागरात गेलेलं. तळपाय मिठानं फुटलेले, टाचांच्या भेगा बोट जाईल एवढ्या. नवरा गेलेला, मुलगी गोजरा लग्न करून उरणकडे दिलेली. पहिल्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

"अगो बाय, हिचा हात केवढा! माज्या सासूचा पन एवढा लांब पोचत नव्हता."

सगळ्या बाया खळखळून हसल्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिनं पायडलवर पाय ठेवला आणि मला कळलं, ही बाई माझी आहे. काही पाय नुसते दाबतात, काही पाय ऐकतात. वेणूबाईचे पाय ऐकायचे. सुई जड झाली की ती थांबायची, सुटी झाली की चालायची. पलीकडे रजई ओढायला तिची शेजारीण जाईबाई असायची. दोघींची तोंडं सारखी चालू, पण टाका कधी वाकडा गेला नाही.

ती माझी सुखाची वर्षं, मित्रांनो. आमच्या रजया बघायला लोक वाशीहून यायचे. खंडेनवमीला वेणूबाई मला पुसून लख्ख करायची, झेंडूचा हार घालायची आणि माझ्या सरकपट्टीवर कुंकवाचं बोट ओढायची. सरकपट्टी म्हणजे सुईच्या बाजूची पोलादी झाकणी. ती सरकवली की खाली शटल दिसतं. वरचा दोरा सुई आणते, खालचा शटल देतं, आणि दोन्ही एकमेकांत अडकले की टाका पडतो. माझा जीव त्या झाकणीखाली असतो, म्हणा ना.

मग ते तान्ह्या बाळांच्या गोधड्यांचं काम आलं.

जवळच नवं बाळंतपणाचं इस्पितळ निघणार होतं. तिथल्या पाळण्यांसाठी छोट्या गोधड्या हव्या होत्या. वैजयंतीताईंनी बायांना गोळा करून स्पष्ट सांगितलं, "हे बघा, या गोधड्या चांगल्या झाल्या तर दरवर्षी हे काम आपलंच. पण बिघडल्या, तर मंडळ ही खोली ठेवणार नाही. मला वर विचारतात हो, किती दिवस चालवायचं म्हणून. माझ्या हातात काही राहणार नाही."

वेणूबाई त्या दिवशी घरी जाताना माझ्यावर कापड टाकून थांबली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मिठागर गेला. आता तू पन गेलीस तर मी कुठं जाऊ गो?"

दुसऱ्या दिवसापासून ती जीव ओतून कामाला लागली. आणि तिथेच घात झाला.

तिच्या माहेरची एक रीत होती. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात खडेमिठाचा बारका खडा ठेवायचा. झोपणाऱ्याला दृष्ट लागत नाही, झोपेत दचकत नाही. रजया शिवताना तिनं हे कधी केलं नव्हतं. रजई घेणारा कोण, कुठला, तिला काय त्याचं! पण ही तान्ही बाळं होती. आज जन्मलेलं लेकरू मिठाशिवाय कसं झोपवायचं? कुणाला न सांगता ती कोपऱ्याकोपऱ्यात खडा सरकवू लागली.

हातानं शिवलेल्या गोधडीत सुई खड्याला वळसा घालून जाते. हाताला कळतं ना! मला कसं कळणार? मी सरळ जाणारी. माझी सुई खड्यावर बसली, टोक बोथट झालं, मिठाचा भुगा भोकातून खाली शटलवर पडला. आणि कटकन दोरा तुटला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिनं दोरा ओवला, चार टाके गेले, पुन्हा तुटला. दुसरं रीळ लावलं, तुटला. दोऱ्याला मेण लावलं, ताणाचा स्क्रू सैल केला, सुई बदलली. नव्या सुईनं थोडं चाललं. तिच्या जिवात जीव आला. पण पुढच्या कोपऱ्यात पुन्हा खडा होताच.

वेणूबाईनं कपाळावर हात मारला. "नजर लागली गो माज्या मशीनला! कोनाची काळी नजर लागली!"

आणि नजर लागली म्हटल्यावर तिनं काय करावं? तिनं मीठमिरच्या माझ्यावरून उतरवून टाकल्या. एवढ्यावर थांबली असती तर मी वाचले असते. पण तिनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडली, मूठभर खडेमीठ बांधून पुरचुंडी केली, सरकपट्टी उघडली आणि ती माझ्या शटलशेजारी ठेवून दिली. वर कुंकू लावलं. माझी राखण करायला!

खाडीची हवा तुम्हांला ठाऊक आहे. मीठ रात्रंदिवस पाझरायचं. ते पाणी माझ्या शटलवर चढलं, पोलादाची तकाकी गेली, गंज आला. शटलची गुळगुळीत चोच खरबरीत झाली. दोरा तिच्यावरून सरकायचा तो खरडत जाऊ लागला, पिंजू लागला, तुटू लागला. तो जितका तुटायचा तितकी वेणूबाई घाबरायची. आणि घाबरली की अमावास्येला पुरचुंडीत ताजं मीठ भरायची. अगं बाई, नको गं, असं मी किती वेळा ओरडले! पण माझा आवाज म्हणजे खडखड, आणि खडखड ऐकून ती आणखीच घाबरायची.

शेवटी वैजयंतीताईंनी तुर्भ्याहून बाजीराव मिस्त्रीला आणलं. घाटावरचा माणूस, बोलायला कमी, हाताला नीट. त्यानं सुई पाहिली, दोऱ्याच्या वाटेवर बोट फिरवलं, ताण बघितला.

"वर समदं ठीक हाय," तो म्हणाला. "शटल बघावं लागंल. पट्टी काढतो."

त्यानं सरकपट्टीला हात घातला आणि वेणूबाई मध्ये आली.

"तिथं नको, दादा. तिथं पूजा केलीय."

बाजीरावानं कुंकू पाहिलं, सुकलेल्या पाकळ्या पाहिल्या. हात मागे घेतला आणि वर नमस्कारही केला. "मंग ऱ्हाऊ द्या. देवाच्या जागी पाना घालनारा मी कोन?"

तो नवी सुई लावून, तेल सोडून निघून गेला. तेल छान होतं. पण खाली मीठ तसंच होतं.

मग बोलणी सुरू झाली. जाईबाई मनानं वाईट नव्हती, पण तिलाही ते काम जायची धास्ती होती. एक दिवस ती म्हणालीच, "वेनू, राग नको धरू. तुजा हात खारट हाय गो. जलम मिठात काडलास, तो खार अंगातून जात नाय. तुज्या हातानं दोरा कुजतो."

वेणूबाई बाहेर नळावर गेली आणि राखेनं हात घासत बसली. पुढे रोज घासायची. लिंबानं घासलं, साबणानं घासलं. हातांची सालं निघाली तरी थांबेना. मला तिचे पाय कळायचे तसे हातही कळायचे. त्या हातांत काही दोष नव्हता, मित्रांनो. इतकी माया असलेले हात मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

तिला माझ्यावरून उठवलं. जाईबाई बसली. दोरा तरीही तुटला. तेव्हा बाया म्हणाल्या, वेणूची बाधा मशीनलाच चिकटली.

गोधड्या इस्पितळात गेल्या त्या गाठी-गाठींच्या, सुटलेल्या टाक्यांच्या. त्या परत आल्या आणि पाळण्यांत गिरणीची तयार ब्लँकेटं पडली. वैजयंतीताई खोलीला कुलूप लावताना रडल्या, खोटं कशाला बोलू? बाया पांगल्या. वेणूबाई वाशीच्या ब्लॉकमध्ये भांडी घासायला जाऊ लागली. मी मात्र बंद खोलीत शटलवर मीठ घेऊन उभी.

काही वर्षांनी नावड्याचे रावसाहेब आले. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे. त्यांनी मला घ्यायचं ठरवलं आणि तपासायला मिस्त्री आणला. तो बाजीरावच होता. बाहेर टेंपो उभा. इतक्यात वेणूबाई धावत आली. हातात नारळ आणि कुंकवाची डबी. माझी शेवटची पूजा करायला आली होती.

बाजीरावानं तिला ओळखलं. "बाई, आता तरी पट्टी उघडू का?"

तिनं नारळ खाली ठेवला. मग म्हणाली, "उघड, दादा. आता कसली पूजा नि कसलं काय."

पट्टी गंजून घट्ट बसली होती. त्यानं रॉकेल सोडलं, ठोकलं, ओढलं. आत हिरवी चिंधी कुजून काळी झालेली, तिच्याभोवती मिठाचे पांढरे पापुद्रे, आणि माझं शटल तांबडं लाल. बाजीराव बघतच राहिला. त्यानं चिंधी चिमटीत धरून वर काढली.

"हे कुनी ठेवलं?"

वेणूबाईनं ती चिंधी त्याच्या हातातून घेतली. मग हळू आवाजात म्हणाली, "आमच्या मिठागरात फावडी लाकडाची असायची, दादा. फळ्या लाकडाच्या. लोखंड आमी आत नेतच नव्हतो. माजा आजा सांगायचा, मीठ लोखंडाला खातं." तिनं पदर तोंडात कोंबला. "मना सगळं ठावं होतं. मना कसं आठवलं नाय?"

बाजीराव तिला एका शब्दानं बोलला नाही. त्यानं शटल सोडवलं, पॉलिश पेपरनं घासलं, रॉकेलमध्ये धुतलं, तेल दिलं, पुन्हा बसवलं. दोरा ओवला. कुठूनसा एक जाड फडका घेऊन माझ्या सुईखाली सरकवला आणि म्हणाला, "बसा, बाई. तुमीच चालवून बगा."

ती बसली. तिचा पाय पायडलवर आला. किती वर्षांनी आला! मी चालू लागले. एक ओळ गेली, वळून दुसरी गेली. कुरकुर नाही, खडखड नाही. टाके मोत्यांसारखे पडत होते. रावसाहेब खूश होऊन म्हणाले, "वा, मशीन तर एक नंबर आहे! चला, चढवा टेंपोत." व्यवहार झालेला होता. खोलीचा ताबाही दुसऱ्याकडे गेला होता. आता कुणालाच काही बदलता येणार नव्हतं.

वेणूबाईनं पाय उचलला. सुईपाशी वाकली आणि आपल्या दातांनी दोरा तोडला. त्या दिवशी तो आपणहून तुटला नाही.

तो फडका घडी करून तिनं कमरेला खोचला आणि मागे न बघता निघून गेली. नारळ तिथेच राहिला. पुढे टेंपोत हमालांनी फोडून खाल्ला.

नंतर मी ताडपत्र्या शिवल्या, पुष्कळ शिवल्या. मग विजेवरच्या मशीन आल्या आणि मी भिंतीला लागले. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. लोखंडाचं आयुष्य असंच असतं. वाईट एवढंच वाटतं, की तिचे हात खारट नव्हते हे तिला कुणी मोठ्यानं सांगितलं नाही. जाईबाईनं नाही, ताईंनी नाही. मी सांगितलं असतं, पण मला तोंड नाही.

तेव्हा मित्रांनो, घरातलं एखादं यंत्र अडखळू लागलं तर त्याला तेल द्या, पुसा, आणि मुख्य म्हणजे झाकण उघडून खाली बघा, मग त्यावर कुंकू असो नाहीतर फूल असो. मायेनं ठेवलेली वस्तूसुद्धा एकदा उचलून पाहावी. आणि खाली बघितल्याशिवाय कुणाच्या हाताला वाईट म्हणू नका. माझा गंज बाजीरावानं पॉलिश पेपरनं घासून काढला. वेणूबाईच्या हातांना तसं घासायला नको होतं, मित्रांनो. ते स्वच्छच होते.