डाव्या चाकामागचा आवाज

तेजस्विनीच्या गाडीचा आवाज इंदिरानगरातल्या तिच्या अख्ख्या सोसायटीच्या ओळखीचा झाला होता. स्पीडब्रेकर आला रे आला की पुढच्या डाव्या चाकामागून एक चिरका, दात आंबवणारा आवाज निघायचा. "मॅडम आल्या," असं वॉचमन गेणू मान वर न करताच म्हणायचा आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गाडी जुनी होती, पण तिच्यावर तेजस्विनीचं सगळं काम चालायचं. डिकीत डोळे तपासायची यंत्रं आणि भिंगांची पेटी घालून ती आठवड्यातून तीनदा कळवणला जायची. तिथं नवसाबाईंच्या घराची पुढची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. सकाळी तिथं डोळे तपासायचे आणि दुपारनंतर आसपासच्या गावांत फिरायचं. ती यंत्रं एसटीच्या टपावर टाकली असती तर कळवणला पोहोचेपर्यंत काचांचा चुरा उरला असता. गाडी गेली की कळवण गेलं. हे तिला ठाऊक होतं, आणि तिच्या नवऱ्याला, महेशलाही.

"दसऱ्यापर्यंत आवाज गेला नाही तर गाडी विकायची," महेशनं श्रावणातच फर्मान काढलं होतं. "रस्त्यात चाक निखळलं म्हणजे? इथंच एखाद्या चष्म्याच्या दुकानात बस की. डोळे इंदिरानगरातल्या लोकांनाही आहेत." या विनोदावर तो एकटाच हसला होता. एवढासा आवाज, तो काय जाणार नाही, असं वाटून तिनं अट मान्य केली.

पण आवाज जाईना. पाथर्डी फाट्यावरच्या केरूच्या गॅरेजात दोनदा गाडी गेली, दोनदा ग्रीस मारून परत आली. दोन्ही वेळा गाडी नेली तेजस्विनीनं, पैसे दिले तेजस्विनीनं, आणि केरूनं बोनेट उघडून फोन लावला तो महेशला. "सायबांशी बोलतो," म्हणून तो लांब जाऊन उभा राहायचा, जणू ती गाडीतलीच एक वस्तू होती. शेवटी तिनं नवसाबाईंना जड मनानं सांगून टाकलं की दसऱ्यानंतर खोली रिकामी करते.

अष्टमीच्या सकाळी मात्र तिचं डोकं फिरलं. भिंगं पुसायची फवाऱ्याची बाटली पाण्यानं भरून ती खाली पार्किंगमध्ये आली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि सतरंजी टाकून डाव्या चाकाशी आडवी झाली.

"काय व्हयनं?" महेश वरून धावत आला. दचकला की त्याच्या तोंडी गावाकडची, नामपूरची बोली यायची.

"बोनेटचा कोपरा दाब. मी थांब म्हणेपर्यंत दाबत राहा."

"अगं, लोक बघताहेत."

"बघू देत. दाब!"

तो दाबू लागला आणि गाडी केकाटू लागली. तेजस्विनी एकेका जोडावर पाणी मारून ऐकत राहिली. वरच्या जोडावर मारलं, आवाज तसाच. मधल्या दांडीवर मारलं, तसाच. मग चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आडव्या आर्मच्या मागच्या टोकाला पाणी मारलं आणि आवाज एकदम बंद पडला. जरा वेळानं पाणी ओघळलं, आवाज परत आला. पुन्हा मारलं, पुन्हा बंद. तिनं तिथं बोट घातलं. लोखंडाच्या दोन तुकड्यांमध्ये बसवलेलं रबर फुगून बाहेर आलं होतं, फाटलं होतं, आणि बोटाला काळा चिकट लगदा लागला. तिनं तो हुंगला. डिझेल.

डिझेल कुणाचं, ते विचारायची गरजच नव्हती. नामपूरच्या मळ्यात नांगर, ट्रॉली, जे जे लोखंडाचं असेल त्याला डिझेल आणि जळकं ऑइल मारायची रीत. ती महेशनं शहरातही आणली होती. दर महिन्याला पाठीवरचा पंप लावून तो गाडीच्या पोटाखाली फवारा मारायचा, आणि सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, किती जपतो गं तुझा नवरा. तेजस्विनीलाही तसंच वाटायचं.

महेशला शेजारी बसवून तिनं गाडी थेट केरूकडं नेली.

"खालच्या आर्मचं रबर गेलंय. दोन्ही बाजूंचं बदल," ती म्हणाली.

केरूनं सवयीनं महेशकडं पाहिलं. "मंग आता बदलायचं का, सायेब? मी तर पयल्याच खेपेला बोललो व्हतो. डिझेल मारू नका, रबराला लय वाईट. तुमीच म्हनले, ऱ्हाऊ दे, नुसतं ग्रीस मार."

"मला का नाही सांगितलंस?" तेजस्विनीचा आवाज चढला.

"म्हटलं, सायबांनी सांगितलं आसंल घरी."

महेश रस्त्यावरच्या वाहनांकडं पाहत राहिला. काम होईपर्यंत ती गॅरेजच्या दारात उभी राहिली. त्या पहिल्या खेपेनंतरही महेशनं फवारा मारला होता. चहाचा कप हातात घेऊन तिनं त्याला तो मारताना पाहिलं होतं.

परत निघाल्यावर पहिला स्पीडब्रेकर आला. गाडी वर चढली, खाली उतरली, आवाज नाही.

"बघ, गेला," महेश म्हणाला. "आता कशाला तोंड फुगवून बसलीस?"

तिनं गाडी कडेला घेतली. "माहीत असून मारत राहिलास."

"काळजी वाटते गं. दिवसभर रस्त्यावर असतेस."

"मग तसं सांगायचं होतंस!"

"मी नको म्हटलं असतं तर तू भांडली असतीस." तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "गाडीशी काय भांडणार होतीस?"

इतक्या वर्षांच्या संसारात याच्याइतकं खरं तो कधी बोलला नव्हता, आणि याच्याइतकी चीड तिला कधी आली नव्हती.

"उतर," ती म्हणाली.

"इथं? घर अजून..."

"मी घरी चाललेली नाही. उतर, महेश."

तो उतरला. दार त्यानं हळूच लावलं. तेजस्विनीनं गाडी वळवली, हायवेला लागायच्या आधी थांबून नवसाबाईंना फोन केला.

"मावशी, खोली सोडते म्हटलं होतं ना, ते विसरा. मी निघालेय."

"ये की माय. आज तर तुजा वार न्हाई, तरी?"

"तुमच्या मागच्या खोलीत खाट आहे ना? मुक्काम करीन म्हणते."

"हाय ना, गादी टाकून ठिवते. सायेब बी येऱ्हायले का संगं?"

"नाही," तेजस्विनी म्हणाली. "एकटीच."