गोल्फगाड्यांच्या मागून

“सावळाराम, गाड्या कवा यायच्या रं? म्हस व्यायला झालीया माझी,” फुलाबाईंनी विचारले.

सारोळ्याच्या अलीकडे, महामार्गाच्या कडेला त्या ताटकळत उभ्या होत्या. त्यांचा गोठा पलीकडे होता.

“आता हितनं न्हाई येणार, मावशी. वर बघा.”

नव्या पुलावरून गोल्फ खेळणाऱ्यांच्या विजेवरील छोट्या गाड्या निःशब्दपणे चालल्या होत्या.

गोल्फच्या मैदानाचे महामार्गामुळे दोन भाग झाले होते. गेली अकरा वर्षे सावळाराम लाल झेंडा उंचावून वाहने रोखीत असे. प्रथम गोल्फच्या गाड्या जात आणि त्यांच्या मागोमाग भारे, गुरे, दप्तरे घेऊन अर्धे गाव रस्ता ओलांडीत असे. काल त्याच्याकडून झेंडा, शिट्टी व जाकीट जमा करून घेण्यात आले.

“मंग आमीबी पुलावरनं जातो की! आमाला काय पाय न्हाईत व्हय?”

“पायी माणसाला बंदी हाय. पाटी लावलीया. माऊली बसलाय फाटकावर राखणीला.”

“आरं, पुलाचा अर्ज तर तूच केल्तास!”

“व्हय.”

“मंग आमचं नाव?”

सावळारामने मान खाली घातली. गेल्या वर्षी एक ट्रक गोल्फच्या गाडीस घासून गेला, तेव्हा सुरक्षित मार्गाची विनंती त्याने सुवाच्य अक्षरांत लिहून मैदानाच्या साहेबांपुढे ठेवली होती. गावाचा उल्लेख त्याने हेतुपुरस्सर टाळला होता. गाव दिसताच कागद बाजूला पडेल. पूल एकदा उभा राहिला म्हणजे कोण कोणास अडवितो, असा त्याचा भाबडा विश्वास होता.

“न्हाई घातलं, मावशी.”

“लई शाना!” फुलाबाई म्हणाल्या. मग त्यांचा स्वर उतरला. “धर मला. रस्त्याखालच्या बोगद्यापातूर दीड कोस हाय, गुडघं न्हाई जायचं. तुझ्या हाताला थांबत्याल गाड्या.”

त्याने रिकामा हात उंचावला. कोणीही थांबले नाही. एक कंटेनर कर्कश भोंगा वाजवीत अगदी अंगाजवळून गेला. मिळालेल्या क्षणभराच्या फटीतून दोघे धावले, आणि मधल्या दुभाजकावर, कण्हेरीच्या झुडपांत अडकले. पुढे वाहने, मागे वाहने. पलीकडे म्हैस हंबरत असावी; ऐकू मात्र काहीच येत नव्हते.

पुलावर एक गाडी थांबली. आतील वृद्ध साहेबांनी सावळारामला ओळखले व हसून हात हलविला.

सावळारामच्या उजव्या हातात फुलाबाईंचे मनगट होते. त्याने डाव्या हाताने सलाम केला.