पिवळी वायर

पुंजाजींनी बोर्डातली पिवळी वायर चिमटीत धरली, घड्याळाकडे पाहिलं आणि ती अलगद ओढून काढली. मग हात पुसले आणि मोबाइल समोर ठेवून खुर्चीत बसून राहिले. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर जठारपेठेत चिटपाखरू नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागून घेरी आली होती. तेव्हापासून त्यांचा मुलगा अश्विन अमरावतीहून रोज दुपारी फोन करायचा. कूलरमध्ये पाणी टाकलं का, जेवले का, अकोल्यात आज किती आहे? कोणाचं गाव जास्त तापलं यावर बापलेकांची हुज्जत व्हायची आणि अमरावती हरली तरी अश्विन कबूल करायचा नाही. यंदा मार्चमध्ये तो येऊन हे यंत्र बसवून गेला. बोटाएवढा बोर्ड आणि त्याला तीन वायरींचा सेन्सर. खोलीचं तापमान दर मिनिटाला थेट अमरावतीत, राजापेठेत त्याच्या मोबाइलवर.

“आता तुमाले फोन उचलायचीबी तकलीफ नाही,” तो म्हणाला होता.

पोरानं काळजीपोटीच केलं होतं सगळं. पण त्या दिवसापासून फोन आटला. आकडा आपला आपण पोचत होता, मग बोलायचं काय?

बायको केशरबाई गेल्यापासून घरात दुसरं माणूस नव्हतं. पुंजाजींना एकटेपणा खायला उठायचा. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेल्या त्या माणसानं करमेना म्हणून त्या बोर्डाचेच व्हिडिओ पाहायला घेतले. एकदा, दोनदा, विसदा. कोणती वायर कुठे, मधला बारका रेझिस्टर कशाला, सगळं तोंडपाठ झालं. पिवळी वायर निघाली की यंत्र उणे एकशे सत्तावीस दाखवतं, हेही त्यांना तिथेच कळलं होतं.

फोन वाजला.

“बाबा, काय झालं? उणे एकशे सत्तावीस दाखवून राहिलं!”

“हो का?” पुंजाजींनी आवाज जमेल तेवढा भोळा केला. “मले काय समजते त्यातलं? वायर निघाली असन एखादी.”

“मी सांगतो तसं करा. क्लास चालू आहे माझा, पण थांबतील पोरं.”

पोरं थांबतील हे ऐकून पुंजाजींना ओशाळल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

“लाल वायर कोठी आहे?”

“लाल... थांब, चष्मा पायतो.”

चष्मा नाकावरच होता. लाल झाली, काळी झाली, पिवळीचं भोक सापडायला पाच मिनिटं लागली. अश्विन न चिडता सांगत होता, लहानपणी पाढे चुकले की पुंजाजी त्याला सांगत तसाच.

“आता बंद करून चालू करा.”

त्यांनी बटण दाबलं. क्षणभरानं अश्विन ओरडलाच.

“पंच्याऐंशी! बाबा, बाहेर निघा पहिले! काही जळून राहिलं का घरात?”

त्याचा आवाज फाटला होता.

“अरे, काही नाही, काही नाही! चालू झाल्यावर पहिला आकडा तसाच येते. सेन्सरनं मोजायच्या आधीच बोर्ड वाचते ना. दुसरा आकडा खरा धराचा.”

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

पलीकडे क्लासच्या पोरांचा गलका ऐकू येत होता.

“एकोणचाळीस,” अश्विन हळू म्हणाला. “आला आकडा.”

“हं.”

पुंजाजी पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिले. आता तो फोन ठेवेल, असं त्यांना वाटलं. तिकडे दार लागल्याचा आवाज आला आणि गलका थांबला.

“बाबा, जेवले का?”

ते अकराला जेवले होते. ताट घासून पालथं घातलेलं समोरच दिसत होतं.

“नाही,” ते म्हणाले.

“मंग घ्या वाढून. फोन ठेवू नोका.”

पुंजाजी उठले आणि त्यांनी ताट सरळ केलं.