उरलेले झेंडे

पॅरिसमधला १९१४ सालच्या ऑगस्टचा पहिला आठवडा मुक्ताला स्वतःच्या लग्नाच्या आठवड्यापेक्षा जास्त पाठ होता. जर्मनीतल्या येनाच्या विद्यापीठात ती त्यावर पीएचडी करत होती. तिचा नवरा हृषिकेश गावातल्या भिंगांच्या एका कंपनीत इंजिनिअर. तो म्हणायचा, ते महायुद्ध चार वर्षांत आटोपलं, हिचा आठवडा काही संपत नाही.

२०१५ च्या उन्हाळ्यात मराठी कट्ट्याने तिला बोलायला बोलावलं. कट्टा म्हणजे आठ-दहा घरं, महिन्यातून एकदा कुणाकडे तरी जमायचं आणि पोटभर खायचं. सगळ्यांत जुने हरीशदादा. वीस वर्षं जर्मनीत काढलेला माणूस, त्यामुळे मराठीतही 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. मुक्ता सांगत होती की युद्ध उंबरठ्यावर आलं तरी पॅरिसची वर्तमानपत्रं एका मंत्र्याच्या बायकोवर चाललेल्या खून-खटल्यातच रमली होती. आणि मग एका रविवारी त्याच शहराने मॅगी कंपनीच्या दूधकेंद्रांच्या काचा फोडल्या. कंपनी स्विस, पण जर्मन असल्याची आवई उठली होती.

"नूडल्सवाली मॅगी?" हरीशदादांनी विचारलं. तीच म्हटल्यावर झोपलेले दोघे-तिघे जागे झाले.

मग बाकीच्या दुकानदारांनी घाईघाईने फ्रान्सचे तिरंगी झेंडे आणि 'हे दुकान फ्रेंच आहे' अशा पाट्या लावल्या. इथे मुक्ता थांबली आणि तिचं आवडतं वाक्य बोलली. "पाटी लावणाऱ्याला वाटतं, आपण स्वतःला वाचवतोय. खरं तर तो पाटी नसलेल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवत असतो." टाळ्या पडल्या, सामोसे आले.

शरद ऋतूत गावात सीरियातून आलेली माणसं दिसू लागली. मुक्ता पहिल्या मजल्यावर राहायची. तिच्या बरोब्बर खालचं घर हनानला मिळालं. नवरा तुर्कस्तानात अडकलेला, बरोबर फक्त रीमा, वय पाच. मुक्ताची अन्वीही तेवढीच, दोघी एकाच किंडरगार्टनमध्ये. मुलींचं आठ दिवसांत गूळपीठ जमलं. आयांचं जमायला जरा वेळ लागला, कारण दोघींत सामाईक भाषा जर्मन आणि हनानची जर्मन अजून भाजीबाजारापुरतीच होती. पण द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात वर यायचा, शिरा खाली जायचा, आणि तेवढ्यावर बरंच काही बोलून व्हायचं.

मग या नव्या माणसांना हाकलून द्या म्हणणारे बुधवारचे मोर्चे सुरू झाले. एका बुधवारी ट्रामच्या थांब्यावर कुणीतरी हरीशदादांना ढकललं आणि सीरियात परत जा म्हणून ओरडलं. ढकलल्याचं दादांना फारसं वाटलं नाही. सीरिया म्हटल्याचं मात्र इतकं झोंबलं की त्यांनी तातडीने कट्टा बोलावला. वीस वर्षं टॅक्स भरतोय, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. कुणाला सांगत होते कोण जाणे.

तोडगा सुलेखावहिनींनी काढला. उरलेलं टाकायचं नाही हा वहिनींचा बाणा. १५ ऑगस्टच्या उरलेल्या कापडी झेंड्यांचं पुडकं त्यांनी घरी जपून ठेवलं होतं. एक झेंडा खिडकीला, एक पोरांच्या दप्तराला, आणि बायकांनी टिकली लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असं ठरलं. दारू प्यायलेला माणूस टिकली वाचेल, विचार करेल आणि मग वळलेली मूठ सोडेल, असा विश्वास आपल्याच लोकांना वाटू शकतो. मुक्ताचं घर मोर्च्याच्या रस्त्यावर, म्हणून तिच्या हातात मूठभर झेंडे जास्तच आले.

आता ती बोलेल, असं तिचं तिलाच वाटलं. सगळ्यांना ते भाषण आठवतही असेल. पण मांडीवर अन्वी पेंगत होती. मुक्ताने झेंडे पिशवीत टाकले.

घरी आल्यावर तिने एवढंच म्हटलं, की खाली हनान राहते.

"तुझं पॅरिस शंभर वर्षांपूर्वीचं आहे," हृषिकेश म्हणाला. "अन्वी आजची आहे."

यावर उत्तर होतं, आणि ते तिच्याइतकं पक्कं अख्ख्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. तरी तिने स्वतःच्या हाताने खिडकीला झेंडा लावला. वाकडा दिसला म्हणून सरळसुद्धा केला. उरलेले झेंडे स्वयंपाकघरातल्या खणात टाकले. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपुढे तिचं सगळं शिक्षण पालथ्या घड्यावरचं पाणी ठरलं.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी मोर्चा गेला आणि मागे रेंगाळलेल्यांनी दगड मारला. या घरात सीरियातली माणसं राहतात, हे गल्लीला ठाऊक होतं. कुठल्या खिडकीत राहतात, हे शोधायची त्यांना गरज उरली नव्हती. वरच्यांनी आपण कोण ते सांगून टाकलं होतं. दगड तळमजल्यावर शिरला. रीमा सोफ्यावर चित्र रंगवत बसली होती. काच तिच्या उजव्या डोळ्यात गेली.

पोलीस आला. तुमच्या खिडकीला काही झालं नाही का, असं त्याने मुक्ताला विचारलं. मग त्याने वर पाहिलं आणि "आख सो", म्हणजे अच्छा, असं होय, म्हणाला. झेंडा पाहून नेमकं जे समजावं, ते दगड मारणाऱ्यांखेरीज त्या एकट्यालाच नीट समजलं होतं.

डोळा राहिला, नजर गेली. भिंगांच्या गावात मोठमोठे डॉक्टर होते, पण तेही काही करू शकले नाहीत. कट्ट्याने फळांची करंडी पाठवली. हरीशदादांनी फोन करून हळहळ व्यक्त केली आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, बघ, झेंडा लावला म्हणून आपण वाचलो.

रीमाला घरी आणल्यावर एका दुपारी हनान जिना चढून वर आली. रडली नाही, कुणाला बोल लावला नाही. शब्द आधी जुळवून आली होती. तिने मुक्ताच्या खिडकीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "तुमच्याकडे आणखी एक आहे का? आमच्या खिडकीसाठी?"

खण पाच पावलांवर होता. पण हिच्याही खिडकीला तोच झेंडा लागला, तर मग आपल्या झेंड्याला कोण विचारणार? हा विचार तिच्या मनात आला, आणि आल्याबरोबर तिला स्वतःची किळस आली. तरीही तोंडून तेच निघालं.

"नाही गं. एवढा एकच होता."

हनानने मान हलवली, आभाराचं डांके म्हणाली आणि वळली. दोन पायऱ्या उतरली असेल, तोच मागून अन्वी आली. घरात मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तर देणारी पोर ती. तिने किंडरगार्टनमध्ये शिकलेल्या स्वच्छ, खणखणीत जर्मनमध्ये आईला आठवण करून दिली की खणात अजून पुष्कळ झेंडे आहेत, आणि रीमासाठी एक आणू का, म्हणून विचारलं.

हनानला तेवढी जर्मन आता येत होती. कठड्यावरचा तिचा हात जागच्या जागी थांबला. मग ती मागे न बघता खाली गेली.